दोन कान ह्यांचे, दोन माझे



मागच्या महिन्यात आमच्याकडे नवीन म्युझिक सिस्टीम आली. "कितीला पडली?" हे प्रत्येकीने आधी विचारलं आणि "कुठली?" हे नंतर, म्हणून त्याच क्रमाने सांगते. मर्यादा २५,००० रुपयांची ठरवली होती, खर्च झाला २२,४५०. त्यातले पैसे नेमके कुठे कुठे गेले हे पुढे ओघात येईलच. कंपनीचं नाव मात्र लिहिणार नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात, आणि माझ्या माजघरात जे गोड वाजतं ते तुमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तसंच वाजेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आधी जुन्याबद्दल दोन शब्द. १९८८ साली हळदीला भाव चांगला मिळाला होता. आमची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, त्यामुळे घरातल्या सगळ्या मोठ्या वस्तूंची वर्षं आम्ही हळदीच्या भावावरून लक्षात ठेवतो. त्या वर्षी ह्यांनी अँप्लिफायर, कॅसेट डेक आणि गुडघ्याएवढे उंच दोन स्पीकर असा सेट आणला. मामंजी ओसरीवरून म्हणाले होते, "एवढ्या पैशात दुभती म्हैस आली असती." तेच मामंजी पुढे रोज पहाटे त्याच सेटवर भक्तामर लावायचे. ४८ श्लोक संपेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत.

स्पीकर गेले २०१९ च्या पुरात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि आमचं घर गावभागात. अँप्लिफायर आणि डेक मुलांनी माडीवर नेले. स्पीकर जड म्हणून खाली टेबलावर ठेवले. पाणी टेबलाच्याही वर गेलं. स्पीकरच्या पेट्या भुशाच्या दाबून केलेल्या लाकडाच्या असतात, त्या भिजलेल्या पावासारख्या फुगल्या. त्यानंतर पाच-सहा वर्षं कुणाकडून तरी आलेल्या दोन डबड्यांवर काम भागवलं. यंदा पाडव्याच्या सुमारास अँप्लिफायरही गेला. आधी नुसती घूंऽऽ अशी घुरघुर यायची, मग एका बाजूचा आवाज गेला, मग दोन्ही.

आमच्याकडचा दुरुस्तीवाला प्रामाणिक माणूस. त्याने पेटी उघडून दाखवलं. घुरघुर होती ती कपॅसिटर सुकल्यामुळे. ते बदलायला दोनशे-तीनशे रुपये पुरले असते. पण मुख्य आवाज ज्या एका जाड काळ्या आयसीतून तयार होतो, ती 'एसटीके' नावाची आयसी जळाली होती. ती जपानी सान्यो कंपनीची. त्या काळातल्या कितीतरी डेकमध्ये हीच असायची. "काकू, ओरिजिनल आता मिळत नाही. मिळतंय ते त्याच नावाचं डुप्लिकेट. लावून देतो, पण आठ दिवस चालंल का आठ महिने, मी सांगू शकत नाही." दुकानदाराने स्वतःच्या कमाईवर असं पाणी सोडलं की त्याचं ऐकावं. अँप्लिफायर त्यालाच देऊन टाकला. आतला ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होता, तो कुणाच्या तरी कामी येईल. डेक ठेवला, कारण त्याचा फक्त रबरी पट्टा विरघळला होता. नवा पट्टा आणि हेडची साफसफाई, सातशे रुपये.

म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर घ्यायचे. इथपर्यंत सोपं होतं.

अवघड होतं ते ह्यांच्या कानांचं. ह्यांना एकाहत्तरावं सरलं. तीनेक वर्षांपासून "काय म्हणालीस?" वाढलं होतं. मिरजेला जाऊन तपासणी केली, तेव्हा तिथल्या मुलीने ऑडिओग्रामचा कागद समोर ठेवून इतकं छान समजावलं की मला माझ्या बी.कॉम.च्या दिवसांतले आलेख आठवले. आडव्या रेषेवर २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत आकडे, म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंत. ह्यांची रेघ २,००० पर्यंत बरी चाललेली आणि तिथून पुढे घाट उतरावा तशी खाली. डावा कान उजव्यापेक्षा जास्त उतरलेला. वयाने येणारा बहिरेपणा असाच येतो म्हणे, वरच्या पट्टीपासून. आणि बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीत असतात. स, श, फ, त, क यांची धार वरच्या पट्टीत. म्हणून माणसाला आवाज येतो, पण शब्द येत नाही. आपण मग ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं जिथल्या तिथे राहतात, आणि समोरचा म्हणतो, "ओरडतेस कशाला?" आमच्या घरातली निम्मी भांडणं त्या कागदावर आखलेली होती.

यंत्र घेतलं. ते बोलण्यासाठी चांगलं. पण यंत्राची सगळी रचना बोलणं ऐकण्यासाठी केलेली असते. लहान आवाज मोठा कर, मोठा आवाज दाब, शिट्टीसारखं काही आलं की छाटून टाक. तंबोऱ्याचा लांब सूर त्याला शिट्टीच वाटतो. पहिल्यांदा यंत्र लावून भीमसेनांचं गाणं ऐकलं तेव्हा हे पाच मिनिटांत उठून अंगणात गेले. काही बोलले नाहीत. पुढे मिरजेच्या मुलीने यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून दिला, त्यात ही काटछाट कमी असते. त्याने फरक पडला, पण तोवर ह्यांची गाणं लावायची सवयच मोडली होती. ज्या माणसाने अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात मिरजेच्या दर्ग्यात वर्षानुवर्षं रात्री जागवल्या, तो संध्याकाळी सातला टीव्हीवर बाजारभावाची पट्टी बघत बसायला लागला. अँप्लिफायर बिघडला तेव्हा तर ह्यांनी "राहू दे आता, कोण ऐकतंय" असं म्हणून विषयच संपवला. मला तो संपवायचा नव्हता. पंचवीस हजारांची मर्यादा मी ठरवली, आणि पैसेही माझ्या मुदतठेवीच्या व्याजातले.

मुलांचे सल्ले आले. पुण्याच्या मुलाचं म्हणणं, "आई, साउंडबार घे, टीव्हीलाही होईल." नातीचं म्हणणं, बोलल्यावर गाणं लावणारा स्पीकर घ्या. वन्सं म्हणाल्या, कारवाँ घे. त्यांच्याकडे २०१७ साली, निघाला तेव्हाच घेतलेला आहे, पाच हजार गाणी आतच भरलेली. स्वयंपाक करताना त्याच्यासारखी सोबत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या जागी चांगलीच. पण मला पाहिजे होते एकमेकांपासून सहा-सात फुटांवर ठेवता येतील असे दोन वेगळे स्पीकर. लहान डब्यातून आवाज सगळा एका ठिकाणाहून येतो. दोन स्पीकर नीट लावले की गाणारा मधे बसतो, तबला एकीकडे, पेटी दुसरीकडे. ज्याचे कान उणे झालेत त्याला ही मांडणी जास्त कामाची, कारण सगळे आवाज एकावर एक चढले की त्यातून शब्द वेचून काढणं त्याला जमत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की होती. अँप्लिफायर वेगळा आणि स्पीकर वेगळे. हल्ली अँप्लिफायर स्पीकरच्या पोटातच बसवलेल्या जोड्या मिळतात. स्वस्त पडतात, वायरींचा पसारा नाही. पण आत काही बिघडलं की सगळंच अडगळीत. आमचे स्पीकर पुरात गेले तेव्हा अँप्लिफायर पाच वर्षं चालला; अँप्लिफायर गेला तेव्हा डेक राहिला. वेगळं असलं की एका वेळी एकाचंच सुतक पडतं.

आता वॅटचं बघा, कारण दुकानात गेल्यावर पहिला मारा वॅटचा होतो. पूर्वी खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजार-दोन हजार वॅट लिहिलेले असायचे. तो आकडा म्हणजे क्षणभरासाठी कागदावर काढलेला फुगा, त्याला कुठलं ठरलेलं माप नाही. बघायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे सतत किती देऊ शकतो तो. त्यातही वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणून २५ वॅटऐवजी ५० वॅटचा घेण्यासाठी चार हजार जास्त मोजणं हा व्यवहार माझ्या हिशेबात बसत नाही. त्यापेक्षा स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी बघावी. एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो आकडा. ८७-८८ असेल तर घरच्या खोलीत एक-दोन वॅटमध्येही भरपूर ऐकू येतं. सेल्समनना हे विचारलं की ते मालकांना बोलावतात, हा माझा अनुभव.

कोल्हापूरला एका दुकानात ऐकून बघायची सोय आहे असं कळलं, म्हणून एका रविवारी बसने गेलो. ह्यांना "महालक्ष्मीजवळच्या जैन मठात दर्शन घेऊ" असं सांगून नेलं, आणि दर्शनही घेतलं. दुकानात स्वतःची गाणी घेऊन जावं, हा सल्ला मी सगळ्यांना देईन. दुकानदार जे लावतो ते त्या स्पीकरवर उत्तमच वाजणारं असतं, बहुतेक वेळा ढमढम. मी पेन ड्राइव्हवर तीनच गोष्टी नेल्या होत्या. नुसता तंबोरा पाच मिनिटं, भीमसेन, आणि एक बाईच्या आवाजातलं स्तवन, ज्याचे शब्द ह्यांना पाठ आहेत.

तंबोरा का? सांगली-मिरजेच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी होतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा, लाकूड हे सगळं झालं तरी तंबोऱ्याचा जीव जवारीत असतो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून कारागीर अशी जागा शोधतो की एका तारेतून वरच्या पट्टीतले कितीतरी बारीक सूर एकदम फुटतात. स्पीकर वरच्या पट्टीत आंधळा असेल तर तंबोरा ढब ढब असा घागरीसारखा वाजतो. कर्कश असेल तर डास गुणगुणल्यासारखा. पाच मिनिटांत सगळं कळतं.

पहिली जोडी लावली आणि मला तंबोरा समोर दिसायला लागला. पोटात अँप्लिफायर असलेली जोडी, रिमोटसकट १४,८००. वेगळं-एकत्र हा माझा सगळा युक्तिवाद तिथल्या तिथे डळमळला. तंबोऱ्याला अशी सोनेरी कड होती! दुकानातला मुलगा खूश होऊन म्हणाला, "बघा की काकू, सिल्क डोम हाय. ह्या रेंजमध्ये असा गोडवा दुसऱ्यात नाही."

मी विचारलं, "सिल्क म्हणजे नावाचं, का खरं रेशीम?"

त्या बिचाऱ्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसणार. स्पीकरमध्ये खालच्या आवाजासाठी मोठा पडदा असतो आणि वरच्या आवाजासाठी बोटाच्या पेराएवढा छोटा घुमट. त्याला ट्विटर म्हणतात. तो घुमट ॲल्युमिनियमचा असतो, प्लास्टिकचा असतो, कृत्रिम धाग्याच्या कापडाचा असतो, आणि बऱ्याच चांगल्या स्पीकरमध्ये रेशमी कापडावर लेप देऊन केलेला असतो. त्याने डीलरला फोन लावला, डीलरने आणखी कुणाला. अर्ध्या तासाने उत्तर आलं, खोक्यावर सिल्क लिहिलंय म्हणजे सिल्कच असणार.

मैत्रिणींनो, रेशीम कसं निघतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पतंग कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो. तो अखंड राहावा म्हणून आतल्या जिवासकट कोश उकळत्या पाण्यात टाकतात. १९९६ च्या चातुर्मासात मी महाराजांकडून रेशमाच्या त्यागाचा नियम घेतला, त्याला आता तीस वर्षं होत आली. लग्नातला शालू तेव्हापासून पेटीत आहे. सुनेला दिला नाही, कारण तिला देणं म्हणजे माझं ओझं तिच्या खांद्यावर टाकणं.

मुलाला फोन केला तर तो हसला. "आई, केवढा असतो तो डोम? १३ मिलिमीटर. आणि तुझा नियम अंगावर न घालण्याचा ना?" मी म्हटलं, नियमात 'अंगावर' हा शब्द नव्हता. 'वापरणार नाही' असा होता. करारपत्रात जो शब्द नाही तो आपल्या सोयीने घालता येत नाही, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

हे गप्प बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "आजोबांच्या तबकड्या लाखेच्या होत्या, माहीत आहे ना?" खरंच आहे ते. ७८ च्या वेगाने फिरणाऱ्या जुन्या तबकड्या चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या असत. लाख तर किड्यांपासूनच. श्रावकाने टाळावेत अशा पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार धरलेला आहे. त्या तबकड्या अजून आमच्या माडीवर ट्रंकेत आहेत. मी म्हटलं, "त्या आल्या तेव्हा मी या घरात नव्हते, आणि आता त्या वाजवायला यंत्रही नाही. आज पावती माझ्या नावाने फाटणार आहे." ह्यावर हे काही बोलले नाहीत, पण गालातल्या गालात हसले. ह्यांना वाद जिंकायचा नव्हताच, आठवण काढायची होती.

मोह झाला नाही असं म्हणणार नाही. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह परिमाणाला 'इच्छापरिमाण' असंही नाव दिलं आहे. वस्तूंची मोजदाद करणं सोपं, इच्छेची अवघड. ती त्या दिवशी त्या दुकानात माझ्यापुढे दोन काळ्या पेट्यांच्या रूपात उभी होती आणि तंबोरा वाजवत होती.

दुसऱ्या जोडीच्या कागदावर ट्विटरपुढे स्वच्छ लिहिलं होतं, टेरिलीन. मला हसूच आलं. सत्तरच्या दशकात माझ्या वडिलांचे सणावारी घालायचे शर्ट टेरिलीनचे असत. धुतले की तासाभरात वाळायचे आणि इस्त्री लागायची नाही. तोच पॉलिस्टरचा धागा, आता स्पीकरच्या नाकावर. ही जोडी नुसत्या स्पीकरची, १३,५००. वर एक हातात मावेल एवढा अँप्लिफायर, ब्लूटूथ आणि डेक जोडायची सोय, बेस-ट्रेबलची वेगळी बटणं, ४,६००. एकूण १८,१००. म्हणजे माझ्या नियमाची किंमत ३,३०० रुपये, आणि रिमोट नाही. आकडा समोर मांडला की मन शांत होतं. नियम फुकट असता तर तो पाळण्यात काय मोठेपण?

ऐकायला कशी? तंबोऱ्याची ती सोनेरी कड मला या जोडीत थोडी कमी वाटली. आजही वाटते. पण भीमसेन लावले तेव्हा हे खुर्चीत पुढे सरकले. मग स्तवन. ह्यांचे ओठ हलायला लागले, आणि दोन ओळींनंतर थांबून मला म्हणाले, "इथे ती श्वास घेते." पहिल्या जोडीवर हे काही म्हणाले नव्हते. मला जी कड कमी वाटत होती ती ह्यांच्या आलेखात कुठेच नाही. ह्यांना जे हवं होतं ते मधल्या पट्टीत, शब्द जिथे राहतात तिथे, आणि ते दुसऱ्या जोडीत जास्त मोकळं होतं. दुकानातल्या मुलाने डिपॉझिट घेऊन दोन दिवस घरी ऐकायला दिलं. छोट्या दुकानांत अजून ही माणुसकी शिल्लक आहे, विचारून बघावं.

घरी आणल्यावर मात्र पहिल्या रात्री सगळं गढूळ. कोल्हापुरात मोकळा वाटलेला आवाज आमच्या माजघरात पातेल्यात बोलल्यासारखा. अशा वेळी घाबरून वस्तू परत करू नये. खोलीच्या मधे उभं राहून एक टाळी वाजवावी. आमच्याकडे टाळीला मागून झणझण असं शेपूट आलं. खाली शहाबादी फरशी, उंच भिंती, समोर काचेचं कपाट. आवाज कशावरही आपटतो आणि परत येतो. ज्याचे कान चांगले आहेत तो मेंदूने ही परतफेड गाळतो, ह्यांना ते जमत नाही. एक जाड सतरंजी आणि कपाटापुढे सुती पडदा, दोन्ही मिळून १,९००. टाळीचं शेपूट गेलं. या एकोणीसशे रुपयांनी जो फरक पडला, तो आणखी दहा हजारांच्या स्पीकरने पडला नसता, असं माझं ठाम मत आहे.

स्पीकर जमिनीवर आणि कोपऱ्यात होते, तेही हलवले. कोपऱ्यात ठेवले की दोन्ही भिंती खालचा आवाज फुगवतात आणि तो शब्दांवर बसतो. सुताराने दोन घडवंच्या करून दिल्या, १,४००. आता ट्विटर बरोबर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येतो. दोन स्पीकर आणि आरामखुर्ची असा समान बाजूंचा त्रिकोण टेपने मोजून आखला. वायर ३५० ची, साधी तांब्याची. जाड सोनेरी वायर पाच हजारांना दाखवत होते. नमस्कार केला. डाव्या कानाचा प्रश्न असा सुटला की खुर्ची त्रिकोणाच्या टोकापासून वीतभर डावीकडे सरकवली, म्हणजे डावा स्पीकर जरा जवळ आला. फोनवरून लावताना तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये डावा-उजवा आवाज कमीजास्त करायची पट्टीच असते. घरात कुणाला एका कानाने कमी येत असेल तर ती शोधा, फुकट आहे.

उरलेले २,५५० रुपये तसेच ठेवलेत. कॅसेटी फोनमध्ये उतरवून घ्यायला एक छोटं यंत्र लागतं म्हणे, ते बघायचं आहे. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, तिथे घाई चालत नाही. आणि आमच्याकडे दोनशेच्या वर आहेत.

सध्या दिवसाचं वेळापत्रक असं आहे. पहाटे भक्तामर, आवाज अंगणाबाहेर जाणार नाही इतका. दुपारी काही नाही. संध्याकाळी सामायिक आटोपलं की हे सतरंजी सरळ करतात, कानातलं यंत्र संगीताच्या प्रोग्रॅमवर घेतात आणि स्वतः कॅसेट निवडतात. ट्रेबलचं बटण ह्यांना मध्यापेक्षा दोन खुणा पुढे लागतं, आणि तेवढ्यात मला पेटीचा आवाज टोचतो. म्हणून देवघरात जाता-येता मी ते हळूच एक खूण मागे करते. खुर्चीतून डोळे न उघडता आवाज येतो, "पुन्हा फिरवलंस?"